आईचं विमान किती तास हवेत असेल? मुंबई–न्यूयॉर्क अंतराचा आणि वेळेचा हिशोब

आई पहिल्यांदा दादाकडे न्यू जर्सीला निघाली तेव्हा तिने दोनच गोष्टी विचारल्या. "किती लांब आहे गं?" आणि "किती तास बसायचं?"

मी फोनवर शोधलं. एका संकेतस्थळावर १४ तास २५ मिनिटं. तिकिटावर १६ तास. आणि त्याच तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री दीड, पोचण्याची सकाळी सात, तारीख एकच; म्हणजे वजाबाकी केली तर साडेपाच तास. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. पण आईची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी सातला ठरलेली, आणि ती यातल्या कुठल्या आकड्यावर बसवायची ते कळेना. म्हणून वही घेतली आणि हा हिशोब मुळापासून केला. आता ओळखीतलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की मी तोच करून देते. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, पण पद्धत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

आधी विमानतळ पक्के करा

"मुंबई ते न्यूयॉर्क" एवढ्यावर काही ठरत नाही. न्यूयॉर्कच्या परिसरात तीन मोठे विमानतळ आहेत: जेएफके, नदीपलीकडे न्यू जर्सीत नेवार्क आणि शहरातलं लाग्वार्डिया. आपल्याकडची विमानं पहिल्या दोनांवर उतरतात. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर नेवार्क त्याला खूप सोयीचं. जेएफकेहून घरी जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. विमानाच्या अंतरात या दोन विमानतळांमुळे फार तर वीस-तीस किलोमीटरांचा फरक पडतो, पण उतरल्यानंतर गाडीत दीड तास जास्त जाऊ शकतो.

आपल्या बाजूलाही आता हे बघावं लागतं. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली आहेत. गोव्यात दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपा आहे, आणि ही दोन ठिकाणं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावून घ्या. मुंबईचा जुना विमानतळ अजूनही बीओएम आहे, नवी मुंबई एनएमआय, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स, नेवार्क ईडब्ल्यूआर.

दोऱ्याने अंतर मोजा

गणिताआधी हे करून बघाच. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर शिलाईचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकून सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो.

आईने हे केलं तेव्हा ती गोलाकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं दोरा अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, मग अटलांटिक असा जाईल. तो गेला कच्छवरून वर: क्वेट्टा, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्राचं उत्तर टोक, मॉस्कोजवळून फिनलंडकडे, मग आइसलँडवर, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात आणि तिथून बोस्टनच्या बाजूने खाली. मुंबई १९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क पावणेएकेचाळीसवर, पण मधली वाट ६४ अंशांच्याही वर चढते.

आता दोऱ्याची लांबी पट्टीने मोजा. मग त्याच दोऱ्याने गोलाचा विषुववृत्तावरचा घेर मोजा. पहिल्या मापाला दुसऱ्याने भागा आणि ४०,००० ने गुणा, कारण पृथ्वीचा घेर जवळपास ४०,००० किलोमीटर आहे. आमच्या गोलाचा घेर ६३ सेंटिमीटर भरला आणि दोरा १९.८. उत्तर आलं १२,५७० किलोमीटर. कॅल्क्युलेटरने नीट काढलं तर १२,५३० येतं.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवू नका. नेहमीच्या आयताकृती नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा दाखवलेला असतो, त्यामुळे त्यावरची सरळ रेघ सर्वांत जवळची वाट नसते. मुंबईहून होकायंत्राची एकच दिशा धरून न्यूयॉर्कला गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा १,७०० ने जास्त. विमानातल्या पडद्यावर आपली वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते ती यामुळे. वाट सरळच असते, वाकवलेला असतो तो नकाशा.

कॅल्क्युलेटरवर अंतर

ज्यांना आकडेमोडीची आवड नाही त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की अंतर मिळतं. पण दहावीपर्यंतचं त्रिकोणमिती आठवत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

मुंबई विमानतळ: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला आहे, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७० गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या अंतराचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, म्हणजे उणे ०.५९९०. दोघांची बेरीज उणे ०.३८६०. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून याचा उलटा कोसाइन काढा: ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सरासरी १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३० च्या आसपास येतं.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात, आणि त्याचं कारण इथेच दिसतं. सागरी मैल मुळात अंशाच्या साठाव्या भागाएवढा ठरवलेला. ११२.७ ला ६० ने गुणलं की ६,७६२ सागरी मैल, दुसरं काही करायलाच नको. आज एक सागरी मैल म्हणजे नेमके १.८५२ किलोमीटर. कुणी तुम्हाला साडेसात-पावणेआठ हजार मैल सांगितले तर ते साधे मैल आहेत हे लक्षात घ्या; हाच गोंधळ सगळ्यात जास्त होतो.

पृथ्वी थोडी चपटी असल्यामुळे वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या उत्तरांत दहा-वीस किलोमीटरांचा फरक दिसेल. तो विसरा.

विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

गोलावर ताणलेल्या दोऱ्याला सरहद्दी कळत नाहीत, विमानाला पाळाव्या लागतात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि काही दिवसांत भारतानेही तेच केलं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना मात्र नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात पश्चिम आशियातल्या बऱ्याच भागावरचं आकाश काही दिवस जवळजवळ रिकामं पडलं होतं, आणि भारतातून युरोप-अमेरिकेला निघालेली कित्येक विमानं वळवावी लागली.

तेव्हा तुमच्या तिकिटावर कंपनी कुठल्या देशाची आहे, यावरही अंतर ठरतं. पाकिस्तान बंद असताना मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे, मग तुर्कस्तान आणि युरोपवरून अटलांटिकला लागतं. मुंबई मुळातच दक्षिणेला आणि समुद्राकाठी असल्याने तिला हा वळसा कमी पडतो. दिल्लीला तो जास्त जाचतो; २०२५ मध्ये दिल्लीहून निघणाऱ्या काही अमेरिकी फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

अटलांटिकवरच्या वाटाही रोज नव्या असतात. त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक आणि कॅनडातलं गँडर ही नियंत्रण केंद्रं त्या आखतात. सोमवारी विमान आयर्लंडवरून गेलं म्हणून मंगळवारी तिथूनच जाईल असं नाही.

मी दोऱ्याच्या अंतरावर ५ टक्के वाढवते. १२,५३० चे १३,१५० होतात. मोठा वळसा असेल तर ८ टक्के धरा.

आता तास

वारा नसेल तर लांब पल्ल्याच्या विमानाचा वेग तासाला साधारण ९०० किलोमीटर. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट जातात, ७७७ ०.८४ पट. एवढ्या उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असल्याने ध्वनीचा वेगच १,०६० च्या घरात असतो, त्यावरून ९०० येतात. दिल्लीला जातो ते छोटं ए३२० थोडं हळू, ८३० च्या आसपास.

संकेतस्थळावरचे १४ तास २५ मिनिटं कुठून आले ते आता कळेल. १२,५३० भागिले ९०० म्हणजे १३ तास ५५ मिनिटं, आणि चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास. त्यात वळसा धरलेला नाही, वारा नाही, आणि जमिनीवरचा वेळ तर नाहीच.

वारा ही यातली सर्वांत मोठी गोष्ट. उत्तर गोलार्धात विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरकस. भारतातून अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. त्याची ताकद किती असू शकते? फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याच प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

सगळ्या वाटेवर तो सारखा नसतो, म्हणून अंदाजासाठी मी जाताना वेगातून तासाला ५० किलोमीटर वजा करते आणि येताना मिळवते.

जाताना: १३,१५० भागिले ८५० म्हणजे सुमारे १५ तास ३० मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, त्याची १५ मिनिटं. मग गेट सोडून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि पलीकडे उतरल्यावर गेटला लागणं, याची मिळून अर्धा तास. एकूण सव्वासोळा तास. तिकीट सांगतं १६.

येताना: १३,१५० भागिले ९५० म्हणजे १३ तास ५० मिनिटं, त्यात तीच पाऊण तासाची भर. १४ तास ३५ मिनिटं. आईच्या परतीच्या तिकिटावर १४ तास ४५ मिनिटं होती.

तिकिटावरचा वेळ नेहमी गेट ते गेट असतो, चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनचा नाही. मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. म्हणून ही अर्ध्या तासाची भर कधीच वगळू नका. दिल्लीचं उदाहरण घ्या. अंतर साडेअकराशे किलोमीटर, हवेत पावणेदोन तासही जात नाहीत, तरी तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेले असतात.

हे सगळं ताडून बघायचा एक सोपा मार्ग आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्याभरात ते खरोखर कधी सुटलं आणि कधी पोचलं ते बघा. सात दिवसांचे सात आकडे वहीत मांडले की सरासरीही कळते आणि वाईटात वाईट किती उशीर होतो तेही. न्यायला येणाऱ्या माणसासाठी हा दुसरा आकडा जास्त कामाचा.

घड्याळाचा घोळ

दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांची थेट वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, मग वजा करा.

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आई जानेवारीत गेली. पोचण्याची वेळ सकाळी ७:००, त्यात साडेदहा तास मिळवले की भारतात संध्याकाळचे ५:३०. रात्री १:३० ते संध्याकाळी ५:३०, बरोबर १६ तास. जुलैत तेवढ्याच वेळाचं विमान तिथे सकाळी ८:०० ला पोचलेलं दिसेल. प्रवास तेवढाच, घड्याळ वेगळं.

लंडनवरून जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: युरोपची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं.

आणि तारीख. यात आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं पूर्ण तिकीट वाया गेलं आहे, म्हणून हात जोडून सांगते. तिकिटावर १५ तारखेला ०१:३० असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री पोचायचं असतं. ते काका-काकू १५ च्या रात्री सामान घेऊन गेले. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या तारखेलाच मोठ्या अक्षरांत लिहा: "आज रात्री निघायचं".

मधे थांबा घ्यावा का

थांबा म्हणजे मोठा वळसा, असं वाटतं खरं, पण दोरा इथेही उपयोगी पडतो. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५०; बेरीज १२,७५०, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०. ही दोन्ही ठिकाणं दोऱ्याच्या फार लांब नाहीत. उलट सिंगापूरमार्गे गेलात तर ३,९०० मागे पूर्वेला जाऊन पुढचे १५,३४९ करावे लागतात. सिंगापूर–न्यूयॉर्क ही मधे कुठेही न उतरणारी जगातली सर्वांत लांब नियमित विमानसेवा आहे, अठरा तासांच्या वर. ती अनुभवायचीच असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा अंतर नव्हे, थांब्याचा वेळ मोजा. दोन तासांपेक्षा कमी असेल तर वयस्कर माणसांसाठी तो घेऊ नये, व्हीलचेअर सांगितली असली तरी. तीन-चार तास आरामाचे. अमेरिकेतल्याच एखाद्या शहरात विमान बदलायचं असेल तर पहिल्या शहरात इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तिथे तीन तास हवेतच. अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या तिथेच होतं, मग पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. आईवडील एकटे जात असतील तर ही सोय विचारात घेण्यासारखी आहे, फक्त थांबा जास्त वेळाचा घ्या.

"डायरेक्ट" या शब्दावर विसंबू नका. एकाच क्रमांकाचं विमान मधे उतरून पुढे जात असेल तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. कुठेही न उतरणारं हवं तर "नॉनस्टॉप" लिहिलेलं बघा.

दारापासून दारापर्यंत

आम्ही साताऱ्याहून निघालो. मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या पुढे, घाटातल्या गर्दीचा भरवसा नाही म्हणून सहा तास. विमानतळावर चार तास आधी, कारण अमेरिकेच्या विमानासाठी कधीकधी गेटवर पुन्हा तपासणी होते. विमान १६. पलीकडे इमिग्रेशन आणि सामान दीड तास. गाडी एक तास. एकूण साडेअठ्ठावीस. आईला "सोळा तास" सांगितलं असतं तर ते निम्म्याहून थोडंच जास्त झालं असतं. आपल्या माणसाला नेहमी हा मोठा आकडा सांगा. जेवणाचा डबा, औषधं, अंगावरचे कपडे सगळं त्यावरच ठरतं.

औषधांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. डॉक्टरांना दाखवायला मी एक पान तयार केलं होतं. डावीकडे भारताची वेळ, मधे न्यूयॉर्कची, उजवीकडे काय करायचं.

रात्री १:३०, विमान सुटेल. सकाळी ७:००, गोळी. विमानातच, सुटल्यापासून साडेपाच तासांनी. दुपारी १२:००, अजून साडेपाच तास आहेत, उठून दोन फेऱ्या मार. संध्याकाळी ५:३०, न्यूयॉर्कची सकाळ ७:००, पोचलीस. दुसऱ्या दिवशीची गोळी भारताच्या सकाळी ७:०० ला, म्हणजे तिथे पहिल्याच रात्री ८:३० ला. तिथून पुढे ती सकाळवर कशी आणायची ते डॉक्टरांनी पेनने खाली लिहून दिलं.

मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवायचं, एवढंच मी आईला सांगितलं. पान चार घड्या घालून तिने पर्समध्ये पासपोर्टच्या आत ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला परतीचा हिशोब लिहिला होता: न्यूयॉर्क सकाळी ११:३०, भारतात रात्रीचे १०:००, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:४५. त्या बाजूला तिने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवून आणली होती. "वारा पाठीशी, सव्वा तास वाचतो."